घरचं हमस खरखरीत, कडवट आणि घट्ट का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: काबुली चणे रात्रभर भिजवून कुकरला पाच शिट्ट्या दिल्या. तीळ गुलाबी भाजून घरीच ताहिनी, म्हणजे वाटलेल्या तिळाची पेस्ट, केली. लिंबू, लसूण, मीठ घालून सगळं एकदम मिक्सरमधून काढलं. पातं फिरेना म्हणून अर्धी वाटी ऑलिव्ह तेल ओतलं. तरी हमस रवाळ राहिलं, मागून कडू लागलं आणि फ्रिजमध्ये ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं. आता जास्त ताकदीचा मिक्सर घ्यावा का?

मिक्सर घेऊ नका. हमसचा मऊपणा कुकरमध्ये ठरतो, मिक्सर त्याला फक्त एकजीव करतो. आणि चवीचं निम्मं काम ताहिनीचं असतं. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या भागात या पदार्थाचं पूर्ण नाव ‘हुम्मुस बि तहिना’, म्हणजे ताहिनी घातलेले काबुली चणे. नुसत्या ‘हुम्मुस’चा अर्थ अरबीत काबुली चणा एवढाच. ऑलिव्ह तेलाचा नावात उल्लेख नाही, आणि वाटणातही त्याची जागा नाही. तुमच्या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, म्हणून क्रमाने घेतो.

आधी प्रमाण. कोरडे काबुली चणे २५० ग्रॅम (मापाच्या कपाने सव्वा कप), ताहिनी १८० ग्रॅम (पाऊण कप), लिंबाचा रस ४५ ते ६० मिलि, लसणीच्या दोन मोठ्या पाकळ्या, मीठ दीड छोटा चमचा, बर्फाचं पाणी ८० ते १२० मिलि, आणि खाण्याचा सोडा दोन वेळा अर्धा-अर्धा छोटा चमचा. जिरेपूड पाव चमचा, तीही हवी असेल तर. चणे शिजून साधारण ५५० ते ६०० ग्रॅम होतात. एवढ्यात सहा जणांचं पोटभर होतं.

चणे घेताना लहान दाण्याचे घ्या. बाजारात टपोरे ‘डॉलर’ चणे महाग असतात आणि छोल्यांना ते शोभतातही, पण इथे लहान दाणा लवकर आणि आतपर्यंत सारखा शिजतो. दाण्याच्या आकारापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे चणे जुने नसावेत. उष्ण आणि दमट हवेत महिनोन्महिने पडून राहिलेल्या कडधान्याच्या पेशींमधला चिकट बंध, म्हणजे पेक्टिन, असा पक्का होतो की ते कितीही शिजवलं तरी आत कचकच राहते. मुंबईत किंवा कोकणात पावसाळा काढलेला डबा असेल तर त्यातले चणे उसळीला वापरा, हमससाठी नवे आणा. भिजल्यावर दाणा दुप्पट फुगला नाही, किंवा त्यावर सुरकुत्या तशाच राहिल्या, तर तो जुना समजा.

भिजवताना चण्यांच्या चौपट पाणी आणि अर्धा छोटा चमचा सोडा घाला. वेळ बारा तास. एप्रिल-मे महिन्यात मात्र ओट्यावर बारा तास ठेवू नका. पाण्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो, आणि आंबलेल्या पाण्यात पेक्टिन विरघळत नाही, म्हणजे भिजवूनही दाणा टणकच. उन्हाळ्यात भांडं सरळ फ्रिजमध्ये ठेवावं.

सोड्याबद्दल बऱ्याच घरांत नाखुशी असते. रोजच्या उसळीत तो नको हे ठीक, कारण त्याने थायामिन हे जीवनसत्त्व कमी होतं आणि दाण्याचा आकारही बिघडतो. पण हमससाठी आपल्याला आकार बिघडवायचाच आहे. अल्कधर्मी पाण्यात पेक्टिन झपाट्याने सुटतं, सालं ढिली होतात. बोअरवेलचं जड पाणी याच्या नेमकं उलट करतं, कारण त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला बांधून ठेवतं. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर भिजवायला आणि शिजवायला दोन्हीकडे गाळलेलं मऊ पाणी वापरा. एवढ्या एका बदलाने शिजण्याच्या वेळात फरक पडतो. सोड्याचं प्रमाण वाढवू नका, साबणासारखी चव येते आणि ती लिंबानेही जात नाही. बेकिंग पावडर चालणार नाही, त्यात आम्ल असतं.

आता शिजवणं. भिजलेले चणे दोन पाण्यांतून धुऊन निथळा. पसरट कढईत घालून त्यावर उरलेला अर्धा चमचा सोडा भुरभुरा आणि मध्यम आचेवर तीन मिनिटं परता. दाणे एकमेकांवर घासले जाऊन सालं सुटायला लागतात. मग दीड लिटर पाणी घालून उकळी आणा. पांढरा फेस आणि सालं वर येतील, ती झाऱ्याने काढत राहा. पाच मिनिटं हे काम करा. एकेक दाणा चिमटीत धरून सोलायची गरज नाही; जी सालं आपणहून सुटतात तेवढी गेली की पुरे, राहिलेली पुढे इतकी मऊ होतात की जिभेला लागत नाहीत.

मग चणे पाण्यासकट कुकरमध्ये घाला. फेस काढल्याशिवाय कुकरचं झाकण लावू नका. फेस आणि सालं शिट्टीच्या भोकात अडकतात, आणि तो धोका खरा आहे. कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. ॲल्युमिनियमचा कुकर असेल तर सोड्याच्या पाण्याने तो काळा पडतो आणि चण्यांचा रंगही मळकट होतो, म्हणून स्टीलचा कुकर वापरा किंवा चणे स्टीलच्या डब्यात घालून डबा कुकरमध्ये ठेवा.

पाच शिट्ट्या हे माप इथे उपयोगाचं नाही. मोठ्या आचेवर पाच शिट्ट्या सात-आठ मिनिटांत होतात. छोल्यांना तेवढ्या शिजवण्यानंतर मसाल्यात उकळणं असतं, हमसला ते नाही. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावून २० ते २५ मिनिटं ठेवा. डब्यात असतील तर ३५. वाफ आपोआप जिरू द्या. उघड्या पातेल्यात करणार असाल तर एक ते दीड तास, पाणी कमी झालं तर वरून गरमच घालायचं.

शिजल्याची परीक्षा बोटांनी दाबून करतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. दाणा जिभेवर ठेवा आणि टाळूवर दाबा. दातांशिवाय तो पूर्ण विरघळला, मध्ये कणभरही गाठ लागली नाही, तर झाला. त्या वेळी पातेल्यातले निम्मे दाणे फुटलेले असतील आणि ‘अरेरे, जास्त शिजले’ असं वाटेल. तेच हवं आहे. सजावटीसाठी थोडे अख्खे दाणे पाहिजेत तर वाटीभर आधीच काढून ठेवा. चणे चाळणीवर ओतण्यापूर्वी कपभर शिजवलेलं पाणी बाजूला ठेवायला विसरू नका.

पुरण वाटणाऱ्या हाताला पुढची गोष्ट सांगावी लागत नाही: डाळ गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायची, गार झाली की ती दाटते आणि मग कितीही फिरवली तरी कण राहतात. काबुली चण्यातही तोच स्टार्च आहे. शिजताना पाणी पिऊन फुगलेला स्टार्च गार होताना पुन्हा आवळून बसतो. म्हणून निथळलेले चणे वाफ निघत असतानाच मिक्सरमध्ये घाला, फक्त भांडं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका आणि झाकण फडक्याने धरा, कारण गरम वाफेने ते उडू शकतं. चटणीचं छोटं भांडं सोडून मोठं भांडं घ्या. आधी थांबत-थांबत चार-पाच झटके, मग दोन-तीन मोठे चमचे शिजवलेलं पाणी घालून एक मिनिट सलग. पात्याभोवती पोकळी होऊन वरचा भाग जागचा हलत नसेल तर थांबा, कडा खरवडून खाली ढकला, आणखी चमचाभर पाणी घाला. तुम्ही याच जागी तेल ओतलंत. एकूण तीन-चार मिनिटांत गुळगुळीत, जाड पेस्ट झाली पाहिजे. ती दहा-पंधरा मिनिटं कोमट होऊ द्या. गरम पेस्टमध्ये लिंबू पिळलं तर त्याचा ताजा वास उडून जातो.

त्या वेळात ताहिनीकडे वळू. तुमच्या हमसचा कडवटपणा मुख्यतः इथून आलाय. पहिलं कारण साल. न सोललेल्या पांढऱ्या तिळाची साल मुळातच कडसर असते. लेव्हांतमध्ये, म्हणजे लेबनॉन-सीरियाच्या त्याच भागात, ताहिनीसाठी तीळ भिजवून त्यांची साल सैल करतात आणि मग मिठाच्या पाण्यात सोडतात. गर तरंगतो, साल तळाला बसते. आपल्याकडे हे घरी करत बसायची गरज नाही, वाण्याकडे पॉलिश केलेले तीळ मिळतात, तेच घ्या. दुसरं कारण भाजणं. तिळगुळासाठी आपण तीळ खमंग, गुलाबी होईपर्यंत भाजतो आणि ते तिळगुळाला योग्यही आहे, कारण समोर गूळ असतो. हमसमध्ये गोडवा नाही, त्यामुळे तेवढं भाजलेलं कडूच लागतं. मंद आचेवर चार-पाच मिनिटं, सतत हलवत, तीळ तडतडायला लागले आणि वास आला की लगेच परातीत ओतायचे. रंग बदलायला नको. नुसते कोरडे आणि गरम झाले की पुरे.

पूर्ण गार झाल्यावरच वाटा. ३०० ग्रॅमपेक्षा कमी तीळ घेतले तर पात्याला लागत नाहीत, कडेला चिकटून बसतात. तिळात जवळपास निम्मं तेलच असतं, ते सुटायला वेळ लागतो: आधी कूट, मग ओलसर गोळा, मग हळूहळू ओघळणारी पेस्ट. दर मिनिटाला थांबून भांडं खरवडा आणि मिक्सर गार होऊ द्या. भांडं हाताला कढत लागलं की तेलाची चव बिघडायला लागते. दोन-तीन चमचे सूर्यफुलाचं किंवा कच्च्या तिळाचं घाण्याचं तेल घातलं तर काम सोपं होतं. चिनी स्वयंपाकातलं भाजलेल्या तिळाचं काळसर तेल अजिबात नको. भांड्यात पाण्याचा थेंबही नसावा, का ते पुढे येतंच.

घरची ताहिनी दगडी जात्यावरच्या ताहिनीइतकी मुलायम होत नाही, हे मान्य करायला हवं. चांगली बाटली मिळत असेल तर ती घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुबई, मस्कत, दोहा इथे राहणाऱ्यांना तर कोपऱ्यावरच्या दुकानात उत्तम ताहिनी मिळते. घटकांत फक्त तीळ असावेत. वायव्य इथिओपियातल्या हुमेरा भागातले तीळ ताहिनीसाठी नावाजलेले आहेत. लेबलवर ते नाव दिसलं तर निःशंक उचला. बाटली उघडली की वर तेल आणि तळाला घट्ट गोळा असतो. तळापर्यंत सुरी घालून पूर्ण ढवळल्याशिवाय चमचाही काढू नका, नाहीतर पहिलं हमस तेलकट आणि शेवटचं सिमेंटसारखं होईल. आणि घालण्यापूर्वी चाखा. किंचित कडसर चालते, खवट चालत नाही.

लसणीचं तंत्र वेगळं आहे. लसूण ठेचली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) काम सुरू करतं आणि झोंबणारा वास क्षणाक्षणाला वाढत जातो. म्हणूनच रात्री बरं लागलेलं हमस सकाळी असह्य होतं. आम्लात हे विकर मंदावतं. तेव्हा लसूण लिंबाच्या रसातच मिठासकट ठेचा किंवा किसा, दहा मिनिटं ठेवा, आणि गाळून फक्त रस घ्या. लसणीचा स्वाद राहतो, जळजळ जाते. आपली गावरान लसूण तिखट असते, लहान पाकळ्या असतील तर तीनपेक्षा जास्त घेऊ नका. लिंबाचंही तसंच. आपलं कागदी लिंबू लेव्हांतमधल्या पिवळ्या मोठ्या लिंबापेक्षा जास्त आंबट, म्हणून सुरुवात ४५ मिलिनेच करा. बी रसात राहून वाटली गेली तर तीही कडू, आणि साल मुरगळून शेवटचा थेंब काढला तर सालीतलं कडवट तेल उतरतं.

आता या गाळलेल्या रसात ताहिनी घाला आणि चमच्याने किंवा फेटणीने ढवळा. इथे नवख्या माणसाचा धीर सुटतो. पातळ होण्याऐवजी ताहिनी एकदम आवळते, तिचा ओबडधोबड तपकिरी गोळा होतो. बिघडलं असं समजून लोक तेल घालतात आणि मग ते खरंच बिघडतं. कणकेत चमचाभर पाणी घातलं की गोळे होतात, भरपूर घातलं की सरसरीत पीठ होतं. तेच इथे चाललंय. ताहिनी म्हणजे तेलात तरंगणारे तिळाचे सूक्ष्म कण. थोडं पाणी आलं की ते कण पाण्याला धरून एकमेकांना चिकटतात. आणखी पाणी आलं की चित्र उलटतं: पाणी बाहेर, तेल बारीक थेंबांच्या रूपात त्यात विखुरलेलं. म्हणून बर्फाचं पाणी एकेक चमचा घालत फेटत राहा. पाच-सहा चमच्यांनंतर गोळा अचानक सैल पडतो आणि रंग पांढराशुभ्र होतो. तो रंग त्या बारीक तेलबिंदूंवर प्रकाश विखुरल्यामुळे येतो. लेबनॉनमध्ये या पांढऱ्या सॉसला ‘तराटोर’ म्हणतात, तो तळलेल्या माशाबरोबरही खातात. हे दोनदा केल्यावर हाताला समजेल.

तराटोर कोमट चण्यांच्या पेस्टमध्ये घालून मिक्सर दोन मिनिटं फिरवा, लागेल तसं बर्फाचं पाणी घाला. मीठ आता चाखून ठरवा. सोड्यामुळे थोडा खारटपणा आधीच असतो. मिक्सर थांबवताना हमस तुम्हाला हवं त्यापेक्षा पातळ दिसलं पाहिजे. श्रीखंडापेक्षा सैल, चमचा ओढल्यावर उमटलेली रेघ हळूहळू मिटेल असं. अर्ध्या तासात स्टार्च आणि ताहिनी पाणी ओढून घेतात आणि ते बरोबर जागेवर येतं. तुमचं हमस दुसऱ्या दिवशी दगड झालं कारण ते मिक्सरमधूनच घट्ट निघालं होतं, पाण्याच्या जागी तेल होतं, आणि अर्धवट शिजलेले कण रात्रभर उरलेलं पाणी पीत राहिले.

ऑलिव्ह तेलाचं आणखी एक. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल वेगवान पात्याखाली फिरलं की कडू होऊ शकतं. तुमच्या कडवटपणात त्याचाही वाटा असणार. ते फक्त वाढताना वरून घालायचं, आणि तेव्हा हात आखडू नका.

वाढायचं कोमट किंवा घरातल्या तापमानाला. फ्रिजमधून काढल्याबरोबर खाल्लं तर तिळाची चव दबलेली असते. पसरट थाळीत घाला, चमच्याच्या पाठीने मध्यापासून कडेकडे फिरवत खळगा करा, खळग्यात बाजूला ठेवलेले अख्खे चणे, वर तेल, जिरेपूड किंवा सौम्य लाल तिखट, पार्सलीची पानं. सोबत गरम खुब्ज (अरबी रोटी), कच्च्या कांद्याच्या फोडी, मुरवलेला सलगम, ऑलिव्ह. तिकडे हे बहुतेक ठिकाणी सकाळचं खाणं आहे. त्या भागात या थाळीबद्दलची ओढ इतकी आहे की २०१० साली लेबनॉनमधल्या शेफनी विक्रमासाठी १०,४५२ किलो हमस केलं. त्यांच्या देशाचं क्षेत्रफळ १०,४५२ चौरस किलोमीटर, म्हणून तोच आकडा.

बिट, पालक, ढोबळी मिरची घालून केलेल्या रंगीत प्रकारांना माझी हरकत चवीची नाही, पण आधी साधं हमस नीट जमू द्या, कारण रंगाखाली अर्धवट शिजलेले चणे लपतात. ताहिनीऐवजी शेंगदाण्याचं कूट किंवा पीनट बटर घालू नका, दाण्याचा वास सगळ्यावर चढतो. हरभऱ्याची डाळ वापरली तर साल नसल्याने मऊ होतं खरं, पण चव पुरणाची आणि पिठल्याची लागते, आपल्या जिभेला तर लगेच कळतं.

डबाबंद चणे घाईच्या दिवशी चालतात, मात्र थेट डब्यातून वाटू नका. ते अख्खे दिसावेत अशा बेताने शिजवलेले असतात. धुऊन, पाव चमचा सोड्यासह ताज्या पाण्यात वीस मिनिटं उकळा, तरंगणारी सालं काढा, मग पुढची कृती तीच.

वाटल्यावर लक्षात आलं की चणे कच्चे राहिलेत आणि ताहिनी अजून घातलेली नाही, तर पेस्ट पातेल्यात काढा, दोन कप पाणी आणि चिमूटभर सोडा घालून मंद आचेवर वीस मिनिटं शिजवा. पिठल्यासारखं तळाला लागतं, म्हणून ढवळणं सोडू नका. लिंबू आणि ताहिनी पडून गेली असेल तर हा मार्ग बंद. तेव्हा ते हमस बारीक चाळणीवर चमच्याने घासून काढा; थोडं वाया जाईल, पण खाण्याजोगं होईल. फार पातळ झालं असेल तर दोन चमचे ताहिनी घालून तासभर फ्रिजमध्ये ठेवा.

हवाबंद डब्यात, वर तेलाचा पातळ थर देऊन फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहतं. वारंवार करणार असाल तर तयार हमस साठवण्यापेक्षा शिजवलेले चणे त्यांच्याच पाण्यासह फ्रीजरमध्ये ठेवा, दोन महिने टिकतात. वाटण्यापूर्वी मात्र ते पुन्हा उकळी येईपर्यंत गरम करायचे. आणि तुमच्या डब्यात जे घट्ट झालेलं हमस शिल्लक आहे त्यात तेल घालू नका. तासभर बाहेर ठेवून, दोन-तीन चमचे गरम पाणी आणि चमचाभर लिंबाचा रस घालून चमच्याने जोरात फेटा, सैल होईल.